गळ्याचाही हक्क असतो

विल्यम बेल हे नाव आपल्याकडे फार थोड्यांनी ऐकलेले असेल. त्याची गाणी मात्र पाश्चात्त्य संगीताची आवड असणाऱ्या बहुतेकांच्या कानावरून गेली आहेत, फक्त ती दुसऱ्यांच्या आवाजात. 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' म्हटले की कुणाला अल्बर्ट किंगची गिटार आठवते, कुणाला एरिक क्लॅप्टनचा क्रीम हा बँड. 'टू बी अ लव्हर' म्हटले की १९८६ सालचा बिली आयडॉल डोळ्यांसमोर येतो. ही दोन्ही गाणी मुळात बेलची, बुकर टी. जोन्स या ऑर्गनवादकाबरोबर बसून त्याने ती रचली. बेल स्वतः अस्सल सोल गायक आहे. चर्चमधल्या गॉस्पेल गायनाची आर्तता आणि ब्लूजचे दुःख एकत्र येऊन अमेरिकेच्या दक्षिणेत जे संगीत जन्मले, त्याच्या पहिल्या फळीतला. आणि तरीही अमेरिकेच्या कायद्याला हा एक माणूस दोन वेगवेगळी माणसे दिसतात. रेडिओवर त्याचे गाणे लागले की गाणे लिहिणाऱ्या बेलला पैसे मिळतात. तेच गाणे गाणाऱ्या बेलला एक सेंटही मिळत नाही.

हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो समजून घ्यायला बेलची कारकीर्द फार उपयोगी पडते, कारण तिच्यात या व्यवस्थेच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या वाट्याला आल्या आहेत.

बेलचा जन्म १९३९ सालचा, मेम्फिसचा. तरुणपणी फिनिअस न्यूबॉर्नच्या वाद्यवृंदाबरोबर तो न्यूयॉर्कला गेला होता. घरची, मेम्फिसची आणि मागे राहिलेल्या मैत्रिणीची आठवण येत असताना त्याने 'यू डोन्ट मिस युअर वॉटर' लिहिले. १९६१ साली स्टॅक्स कंपनीने ते बाजारात आणले. स्टॅक्स म्हणजे मेम्फिसच्या मॅक्लेमोर अव्हेन्यूवरच्या बंद पडलेल्या एका चित्रपटगृहात जिम स्ट्युअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावाबहिणीने थाटलेला स्टुडिओ. काळे-गोरे वेगळे राहिलेच पाहिजेत असा दंडक असलेल्या शहरात तिथे काळे आणि गोरे वादक एकाच खोलीत बसून वाजवत. बेलचे हे गाणे संथ आहे, वाल्ट्झच्या लयीत डुलणारे, आणि त्यात आवाज कुठेही चढवलेला नाही. सोल म्हटले की घाम, आरोळी आणि गुडघ्यांवर कोसळणारा गायक अशी एक प्रतिमा असते. बेल त्या पंथातला कधीच नव्हता. पश्चात्ताप झालेला माणूस मोठ्याने बोलत नाही, हे त्याला विशीतच कळले होते.

गाणे दक्षिणेत गाजले. पण नाव होत असतानाच सक्तीच्या सैन्यभरतीत बेलला लष्करात जावे लागले. तो परत येईपर्यंत जॉर्जियाहून आलेला ओटिस रेडिंग स्टॅक्सचा सर्वांत मोठा गायक झाला होता. १९६५ साली रेडिंगने बेलचेच 'यू डोन्ट मिस युअर वॉटर' आपल्या अल्बममध्ये गायले. पुढे १९६८ साली बर्ड्‌स या बँडने ते कंट्री संगीताच्या ढंगात गायले. बेलचा स्वतःचा पहिला अल्बम यायला मात्र १९६७ साल उजाडले. पहिल्या गाण्यानंतर तब्बल सहा वर्षांनी. या मधल्या काळात त्याचे नाव जिवंत राहिले ते लेखक म्हणून.

त्याच वर्षी अल्बर्ट किंग स्टॅक्समध्ये रेकॉर्डिंग करणार होता. त्याच्यासाठी बेल आणि बुकर टी. यांनी 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' रचले. पुढच्या वर्षी क्रीमने ते उचलले आणि ते जगभर गेले. १९९० साली सिम्पसन्स या कार्टून मालिकेच्या अल्बममध्ये होमर सिम्पसनच्या तोंडीही ते आले. १९६८ साली बेलने स्वतः 'आय फरगॉट टु बी युअर लव्हर' गायले. तेच गाणे रूप बदलून अठरा वर्षांनी बिली आयडॉलकडे गेले आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. आणखी काही वर्षांनी जहीम या आर अँड बी गायकाच्या 'पुट दॅट वुमन फर्स्ट'चा पाया तेच ठरले. एका माणसाच्या मनातली एक ओळ आणि एक चाल तीन पिढ्यांच्या तीन वेगळ्या गळ्यांतून फिरून आली. २०१६ साली स्टॅक्सच्याच नावाखाली बेलचा नवा अल्बम आला. त्यात त्याने 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' जवळजवळ पन्नास वर्षांनी स्वतःच्या आवाजात गायले, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याला पहिले ग्रॅमी मिळाले.

आता पैशाचा मार्ग पाहू. कारण 'कलावंताला न्याय मिळायला हवा' असे सगळेच म्हणतात, आणि न्याय कुठे अडतो ते मात्र तपशिलात गेल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेत गाण्यावर दोन स्वतंत्र हक्क असतात. एक शब्द आणि चाल यांचा. हा लेखकाचा, आणि व्यवहारात त्याच्या प्रकाशकाचा, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. हा बहुधा रेकॉर्ड कंपनीचा. एखादे गाणे एकदा बाजारात आले की ते पुन्हा कुणीही गाऊन विकू शकतो. लेखकाची परवानगी लागत नाही, कायद्याने ठरवलेला दर भरला की झाले. हा दर १९०९ सालच्या कायद्याने प्रत्येक प्रतीमागे २ सेंट ठरवला आणि १९७७ सालापर्यंत तो बदललाच नाही. दोन महायुद्धे झाली, भाकरीपासून घरापर्यंत सगळ्याच्या किमती कितीतरी पटींनी वाढल्या, गाण्याची किंमत तीच राहिली. म्हणजे एखाद्या गाण्याच्या दहा लाख प्रती खपल्या तर २० हजार डॉलर. रूढ वाटणीप्रमाणे त्यातले निम्मे प्रकाशकाचे. उरलेले १० हजार दोन लेखकांत वाटले तर प्रत्येकी ५ हजार. सुपरहिट गाण्याचा लेखक श्रीमंत झाला असेल अशी जी आपली समजूत असते, ती या हिशेबापुढे टिकत नाही.

लेखकाला खरा आधार दिला तो रेडिओने. गाणे वाजले की लेखक आणि प्रकाशक यांना मोबदला, हे तत्त्व अमेरिकेत फार पूर्वी रुजले. १९१४ साली स्थापन झालेली ॲस्कॅप ही वसुली संस्था मात्र बराच काळ ब्रॉडवेच्या संगीत नाटकांच्या आणि न्यूयॉर्कच्या गोऱ्या गीतकारांची राहिली. १९३९ साली रेडिओ कंपन्यांनीच प्रतिस्पर्धी म्हणून बीएमआय काढली. तिला गाणी हवी होती, म्हणून तिने ॲस्कॅपने दुर्लक्षिलेल्या काळ्या आणि कंट्री गीतकारांसाठी दार उघडले. रेडिओवाल्यांनी ते उदार मनाने केले नव्हते. पण दक्षिणेतल्या काळ्या मुलाने लिहिलेले गाणे शिकागोच्या स्टेशनवर वाजले की त्याच्या नावाचा चेक निघावा, ही गोष्ट त्यामुळे शक्य झाली, आणि सोलच्या इतिहासात तिचे महत्त्व कुठल्याही स्टुडिओइतकेच आहे.

गायकासाठी असे दार कधी उघडलेच नाही.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'रिस्पेक्ट'. १९६५ साली ओटिस रेडिंगने ते लिहिले आणि गायले. त्याच्या तोंडी ते दमून घरी आलेल्या पुरुषाचे मागणे होते. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी अरीथा फ्रँकलिन या गायिकेने ते न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केले आणि त्याचा अर्थच उलटा केला. शब्दाचे स्पेलिंग एकेक अक्षर सुटे करून म्हणण्याची कल्पना रेडिंगच्या गाण्यात नव्हती. मागून अरीथाच्या बहिणी जो ठेका धरतात तो नव्हता. मधला सॅक्सोफोनचा भाग नव्हता. त्याखालची स्वरसंगती तर दुसऱ्याच एका सोल गाण्यातून घेतलेली. आज 'रिस्पेक्ट' म्हटल्यावर जगाला जे आठवते, त्यातले बहुतेक अरीथाने आणि तिच्या बरोबरच्या मंडळींनी आणलेले आहे. स्त्रियांच्या आणि काळ्यांच्या चळवळीने जे गाणे आपले मानले तेही तिचेच. रेडिंगनेही मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात व्यासपीठावर दिलखुलासपणे सांगितले होते की हे गाणे एका मुलीने माझ्याकडून नेले. कायद्याच्या दृष्टीने मात्र तिने काहीच नेले नव्हते. पन्नास वर्षांहून अधिक काळ अमेरिकेच्या रेडिओवर तिचा आवाज वाजत राहिला आणि प्रत्येक वेळी मोबदला गेला तो रेडिंगच्या वारसांना आणि प्रकाशकाला. रेडिंगला तो मिळायलाच हवा. १० डिसेंबर १९६७ रोजी, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, विमान अपघातात तो गेला. त्याच्या कुटुंबाला त्या पैशाचा आधार असणे अगदी योग्य आहे. माझा आक्षेप एवढाच की त्याच्या शेजारी दुसरा चेक का नाही?

'लिहिणारा निर्माण करतो, गाणारा फक्त सादर करतो' या समजुतीवर ही सगळी व्यवस्था उभी आहे. भारतीय संगीतावर वाढलेल्या माणसाला तर ही समजूत पटणे अवघड आहे. बंदिश चार ओळींची असते, पण तासभर जे ऐकू येते ते गाणाऱ्याचे असते. सोलमध्येही तेच. लिहिलेल्या कागदावर ताल आणि शब्द असतात; श्वास कुठे अडवायचा, कुठल्या शब्दावर आवाज फाटू द्यायचा, ओळ ठेक्याच्या किती मागे ठेवायची, हे कागदावर नसते, आणि सोल म्हणजे नेमके हेच. बेलचे 'यू डोन्ट मिस युअर वॉटर' आणि रेडिंगचे 'यू डोन्ट मिस युअर वॉटर' लागोपाठ ऐकावे. पहिल्यात एक माणूस स्वतःशी कबुली देतो आहे, दुसऱ्यात तो दाराबाहेर उभा राहून विनवणी करतो आहे. लेखक एकच आहे. निर्मिती दोन आहेत.

फक्त गाणाऱ्यांचे काय होते, ते सॅम मूरच्या आयुष्यात दिसते. सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर ही स्टॅक्सची सर्वांत दणकेबाज जोडी. 'होल्ड ऑन, आय ॲम कमिन'' आणि 'सोल मॅन' त्यांनी गायली. लिहिली आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर या जोडीने. रेडिओवर ही गाणी आजही वाजतात. मूरच्या नावाने मात्र त्या वाजण्याचा हिशेब कधी निघाला नाही. उतारवयात त्याने हा प्रश्न आपला मानला. कलावंतांच्या निवृत्तिवेतन निधीविरुद्ध १९९३ साली दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात त्याचे नाव पुढे होते, आणि रेडिओने गायकांना मोबदला द्यावा म्हणून तो अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दारात पुनःपुन्हा गेला. जानेवारी २०२५ मध्ये तो वारला. तोपर्यंत कायदा बदललेला नव्हता.

रेडिओ कंपन्यांचे म्हणणे असे की आम्ही गायकाची फुकट जाहिरात करतो, रेकॉर्ड खपते, मैफलींना गर्दी होते, मग वर पैसे कशाला? साठच्या दशकात या म्हणण्यात थोडे तरी तथ्य होते. पण 'रिस्पेक्ट' आज वाजते ते कोणती रेकॉर्ड खपवायला? जुनी गाणी वाजवणारी स्टेशने जाहिरातींचे पैसे कमावतात ती त्या गाण्यांच्या बळावर. जाहिरात कोण कुणाची करतो ते उघड आहे. आणि जाहिरात होते म्हणून मोबदला नको, हा युक्तिवाद लेखकालाही लागू व्हायला हवा होता. त्याला तो लावला नाही, कारण लेखक आणि प्रकाशक वेळेत संघटित झाले होते. लहान स्टेशने बुडतील, ही दुसरी भीती. २०२१ पासून अमेरिकन काँग्रेसमध्ये पुनःपुन्हा मांडल्या गेलेल्या अमेरिकन म्युझिक फेअरनेस ॲक्टच्या विधेयकात तिचे उत्तर आहे: ज्यांची वार्षिक कमाई १५ लाख डॉलरपेक्षा कमी आणि ज्यांच्यामागे मोठी कंपनी नाही, अशा स्टेशनांनी वर्षाला जास्तीत जास्त ५०० डॉलर भरायचे. गायकाला द्यायचे पैसे लेखकाच्या वाट्यातून कापता येणार नाहीत, हेही त्यात लिहिलेले आहे. ही अट मला अत्यंत महत्त्वाची वाटते. दोन उपेक्षितांना एका भाकरीसाठी झुंजवणे हा या धंद्याचा जुना डाव आहे.

अमेरिकेने स्वतःचे नुकसानही करून घेतले आहे. बहुतेक प्रगत देशांत रेडिओ गायकाला आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला पैसे देतो. पण तुम्ही आमच्या गायकांना देत नाही तर आम्ही तुमच्या गायकांना का द्यावे, असे म्हणून अनेक देश अमेरिकन कलावंतांचा वाटा रोखून धरतात. म्हणजे मेम्फिसचा आवाज युरोपात वाजतो आणि त्याचे पैसे युरोपातच राहतात. मुळात हा हक्क अमेरिकेला अमान्यही नाही. १९९५ सालच्या कायद्याने डिजिटल रेडिओसाठी तो दिलेला आहे: जमा रकमेचा निम्मा भाग ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य गायकाला आणि ५ टक्के साथीदार वादक-गायकांना. म्हणजे तेच गाणे, तोच आवाज. इंटरनेटवरून आला तर मोबदला आणि अँटेनावरून आला तर नाही. त्यातही १९७२ सालापूर्वीची ध्वनिमुद्रणे संघराज्याच्या कायद्याबाहेर होती, आणि सोलचा सुवर्णकाळ तर नेमका त्याआधीचा. ती त्रुटी भरून निघाली २०१८ साली. तोवर त्या पिढीतले कितीतरी आवाज कायमचे गेले होते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की लेखक तरी सुरक्षित आहे. तसे नाही, आणि आयझॅक हेजची कहाणी त्यासाठीच सांगावी लागते. हेज आधी स्टॅक्समध्ये दुसऱ्यांसाठी लिहिणारा आणि पियानो वाजवणारा होता. १९६९ साली त्याने बारा-बारा, अठरा-अठरा मिनिटांची गाणी असलेला स्वतःचा अल्बम काढला आणि सोलला नवे वळण दिले. १९७२ साली सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर जिंकणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन ठरला. आणि १९७६ साली तो दिवाळखोर झाला. कर्ज ६० लाख डॉलरच्या वर होते. त्या दिवाळखोरीत त्याच्या गाण्यांच्या पुढच्या कमाईवरचे हक्कही गेले. स्वतः लिहिलेल्या 'सोल मॅन'च्या नव्या आवृत्त्या गाजत असताना लेखकाच्या हाती काही नाही, ही अवस्था त्याने अनेक वर्षे पाहिली. २००८ साली तो वारला.

हेजच्या दिवाळखोरीच्याच सुमारास स्टॅक्सही बुडाली. तिच्या बुडण्यात हा धंदा कसा चालतो याचा एक मोठा धडा आहे. ॲटलांटिक या मोठ्या कंपनीशी १९६५ साली केलेल्या करारात स्टॅक्सच्या ध्वनिमुद्रणांची मालकी ॲटलांटिककडे जाईल असे कलम होते. जिम स्ट्युअर्टच्या ते लक्षातच आले नव्हते. १९६८ साली ॲटलांटिकपासून वेगळे होताना ते उघड झाले आणि तोपर्यंतची ध्वनिमुद्रणे एका फटक्यात गेली. शब्द आणि चाली स्टॅक्सच्या स्वतःच्या प्रकाशन कंपनीत होत्या, म्हणून त्या राहिल्या. पुढे कर्जापोटी त्याही बँकेकडे गेल्या. बेल या सगळ्यातून तुलनेने सावरला: ॲटलांटाला जाऊन त्याने स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली, १९७७ साली 'ट्रायिंग टु लव्ह टू' हे त्याचे सर्वांत मोठे यश त्याला मिळाले, नंतर पुन्हा स्वतःच्याच कंपनीतून तो रेकॉर्ड काढत राहिला. आपल्या हक्कांचा कागद आपल्या हाती ठेवण्याची ही धडपड त्याच्या गाण्यांइतकीच कौतुकाची आहे. पण हक्क राखायला प्रत्येक कलावंताने कंपनी काढावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून माझे दुसरे म्हणणे असे की कलावंताचा मोबदल्याचा हक्क विकता येऊच नये. अमेरिकन कायद्यात याची एक सुंदर सुरुवात आहे. १९७८ पूर्वी लिहून दिलेले हक्क, गाण्याला ५६ वर्षे झाल्यावर, लेखक किंवा त्याचे वारस परत मागू शकतात. १९७८ नंतर लेखकाने स्वतः लिहून दिलेले ३५ वर्षांनी. मूळ करारात काहीही लिहिलेले असो, हा हक्क सोडून देता येत नाही. १९६६ ची गाणी या हिशेबाने २०२२ मध्ये मोकळी होऊ लागली, १९६७ ची २०२३ मध्ये. विशीत, भाडे थकलेले असताना केलेली सही आयुष्यभर गळ्यात अडकू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. पण नोटीस किमान दोन वर्षे आधी द्यावी लागते, मुदत चुकली की संधी गेली, आणि परत मिळणारे हक्क रूढ समजुतीप्रमाणे फक्त अमेरिकेपुरते. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत तर कंपन्या म्हणतात की गायक आमचा नोकर होता, हे काम आम्ही करवून घेतलेले, त्याला परत मागण्याचा हक्कच नाही. १९९९ साली एका मोठ्या विधेयकात चार शब्द घुसवून हे म्हणणे कायद्यात बसवलेही गेले होते. गायकांनी एकत्र येऊन आवाज उठवला, तेव्हा पुढच्याच वर्षी ते शब्द काढावे लागले.

स्ट्रीमिंगने चित्र फिरवले आहे, पण सरळ केलेले नाही. रेडिओवर लेखकाला पैसे आणि गायकाला शून्य. स्ट्रीमिंगवर उलट, ध्वनिमुद्रणाच्या मालकाला उत्पन्नाचा अर्ध्याहून मोठा भाग आणि शब्द-चालीच्या वाट्याला अमेरिकेत साधारण १५ टक्के. त्यातून प्रकाशकाचा हिस्सा जातो, मग आजकाल एका गाण्याचे जे सहा-सात लेखक असतात त्यांच्यात वाटणी. फक्त दुसऱ्यांसाठी लिहून जगणारा नवा विल्यम बेल आज मेम्फिसमध्ये जन्मला तर त्याला त्या लेखणीवर घर चालवणे फार कठीण जाईल. तंत्रज्ञान बदलले की एकाचे ताट ओढून दुसऱ्याला वाढायचे, याला सुधारणा म्हणता येत नाही. प्रत्येक माध्यमात दोघांचाही वाटा कायद्याने निश्चित हवा, आणि तो थेट त्यांच्या हाती पडायला हवा.

हा वाद आपल्यालाही परका नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हाच प्रश्न पेटला होता. गायकांनाही रॉयल्टी मिळाली पाहिजे, अशी भूमिका लता मंगेशकर यांनी घेतली. मोहम्मद रफी यांचे मत असे की गाण्याचे ठरलेले मानधन मिळाले, तिथे गायकाचा हक्क संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले. रफींचा भलेपणा वादातीत आहे, पण या प्रश्नात लताबाई बरोबर होत्या, आणि त्यांच्या मागणीला हट्ट किंवा पैशाचा लोभ म्हणणाऱ्यांनी त्यांच्यावर अन्याय केला असे मला वाटते. ज्यांचे नाव मोठे आहे त्यांनीच ही मागणी करायची असते. लहान गायकाने केली तर त्याला दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही.

आपल्याकडे तर गीतकार-संगीतकारांचीही अवस्था बिकट होती. चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या गाण्याचा मालक निर्माता, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला, न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याच निकालाला आपले वेगळे टिपण जोडून गायक-वादकांच्या उपेक्षेकडे लक्ष वेधले होते. पस्तीस वर्षांनी, २०१२ च्या दुरुस्तीने, चित्र बदलले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी किल्ला लढवला. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा समान वाटा आता त्यांना वारस किंवा वसुली संस्था सोडून कुणालाही लिहून देता येत नाही. तसा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. आणि त्याच दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरासाठी गायक-वादकांचाही रॉयल्टीचा हक्क मान्य केला. सॅम मूरला जे अखेरपर्यंत मिळाले नाही ते भारतीय गायकाला निदान कायद्याच्या पुस्तकात मिळालेले आहे. याचा आपण अभिमान बाळगावा आणि त्याच दमात वसुलीचा, वाटपाचा जाहीर हिशेब मागावा.

एक गोष्ट मात्र या दुरुस्तीत खटकते. चित्रपटातील ज्या व्यक्तीचे सादरीकरण किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार जिचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तिला 'सादरकर्ता' मानायचे नाही, असे कलम तिच्यात आहे. गर्दीतले एक्स्ट्रा डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले असेल. पण मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या वादकांचे काय? त्यांच्यात गोव्याचे कितीतरी होते. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकून आलेली ही माणसे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळाचा साज चढवला. गाण्याआधीचा जो तुकडा ऐकताच आपण गाणे ओळखतो, तो बहुतेक वेळा अशाच कुणीतरी लिहिलेला आणि वाजवलेला असतो. त्यांची नावे श्रेयनामावलीत नव्हती, कारण ती न देण्याचा रिवाजच होता. ज्या रिवाजाने त्यांचे नाव गाळले, त्याच रिवाजाकडे बोट दाखवून त्यांच्या जागी आज वाजवणाऱ्यांचा हक्कही गाळायचा, असा अर्थ या कलमातून काढता येतो. अमेरिकेच्या डिजिटल वाटणीत साथीदारांसाठी निदान ५ टक्के वेगळे काढलेले आहेत. आपल्या कायद्यातून ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या प्रत्येकाला या अपवादाबाहेर काढले पाहिजे, आणि प्रत्येक गाण्यासोबत वादकांची नावे नोंदवणे कंपन्यांना बंधनकारक केले पाहिजे. आज गाणे ऑनलाइन चढवताना गायक, संगीतकार, गीतकार यांची नावे भरावीच लागतात. तिथेच वादकांच्या रकान्याची सक्ती करायला नवा पैसाही लागत नाही.